जखमेतील जिवाणू व प्रतिजैविकांचा प्रतिरोध : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सातारा व सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी त्यांचा प्रशासकीय इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. 1949 साली निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यालाच 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. या परिसरातील रुग्णालयांचा इतिहास बहुधा संस्थापक, देणगीदार आणि इमारती यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. रुग्णाच्या जखमेचा इतिहास त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित अंगाचा विचार केला आहे.

विषय विवेचन :
कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वानलेस यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत 1894 साली रुग्णालय सुरू केले. मिरज हे रेल्वे जंक्शन असल्याने तेथे दूरदूरचे रुग्ण येऊ लागले व शस्त्रक्रियेसाठी मिरजेची ख्याती झाली. पेनिसिलिनचा शोध अद्याप 34 वर्षे दूर होता. जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्ये मांडलेली जंतुनाशनाची पद्धती, उकळलेली उपकरणे, कार्बोलिक, साबण आणि स्वच्छ कापड एवढीच त्या काळातील शल्यचिकित्सकाची साधने होती. जखम चिघळली तर हाताशी दुसरा उपाय नव्हता. म्हणूनच स्वच्छता ही त्या पिढीची सवय नव्हे, गरज होती.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला व 1955 पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. 1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर 1984 मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय संस्था स्थापन झाली. उसाच्या पट्ट्यात कोयत्याची जखम, ट्रॅक्टरचा अपघात, मधुमेही पायाचा व्रण या नित्याच्या बाबी होत. अशा रुग्णाला 'सुई' मिळाली की तो निश्चिंत होई, आणि दोन दिवसांत बरे वाटताच उरलेल्या गोळ्या फडताळात जात.

जिवाणू मात्र निश्चिंत नव्हते. पेनिसिलिन निष्प्रभ करणारे विकर अब्राहम व चेन यांनी 1940 सालीच, म्हणजे औषध सर्रास वापरात येण्यापूर्वीच, नोंदविले होते. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस 1961 मध्ये इंग्लंडमध्ये आढळला. प्रतिरोधाची जनुके प्लाझमिडद्वारे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात; त्यामुळे वॉर्डातील एका खाटेवरचा प्रश्न न धुतलेल्या हातांवाटे शेजारच्या खाटेवर पोहोचतो. 1917 ते 1954 या काळात जमविलेल्या मरे संग्रहातील जिवाणूंचा अभ्यास ह्यूजेस व दत्ता यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केला. त्या जुन्या जिवाणूंत प्लाझमिड होते, प्रतिरोधाची जनुके मात्र जवळजवळ नव्हती. म्हणजे वाहन आधीच तयार होते. त्यात ओझे भरले गेले ते प्रतिजैविकांच्या काळात. जपून ठेवलेल्या नमुन्यांशिवाय हे कधीच सिद्ध झाले नसते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

2013 च्या 'एच-1' अनुसूचीने अनेक प्रभावी प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषध दुकानदारांवर बंधनकारक केली. कायदा योग्यच आहे. परंतु तो दुकानाच्या काउंटरवर थांबतो, ड्रेसिंगच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचत नाही.

येथे इतिहास विभागांना करण्याजोगे काम आहे. 1966 मध्ये बावर व कर्बी यांनी प्रमाणित केलेल्या चकती-चाचणीमुळे पुवाच्या नमुन्यातील जिवाणूवर कोणते औषध चालते हे मिलिमीटरमध्ये मोजून नोंदविता येते. ग्रामपंचायतीचे दप्तर जसे आपण साधन मानतो, तसेच जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांतील नोंदवह्याही मानल्या पाहिजेत. रुग्णाचे नाव वगळून तारीख, जखमेचा प्रकार, जिवाणू व निकाल एवढे चार रकाने जपले तरी एखाद्या तालुक्यात कोणते औषध कोणत्या दशकात निकामी होऊ लागले, हे सांगता येईल. जुन्या वह्या रद्दीत काढण्यापूर्वी त्यांची छायाप्रत घेण्यास फारसा खर्च येत नाही.