पगारी लेखक

आपल्याकडे लेखक हा मुळात दुसराच कुणीतरी असतो. तो मास्तर असतो, पोस्टात असतो, बँकेत असतो. आणि दिवाळी अंक तोंडावर आले की तेवढ्यापुरता लेखक असतो. 'आपण काय करता?' या प्रश्नाला मी एकदा 'लिहितो' असं उत्तर दिलं, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "ते झालंच हो, पण पोटापाण्याचं काय?"

निव्वळ लिहिण्यासाठी माणसं पदरी बाळगणारं साप्ताहिक निघालं ते तिकडे अमेरिकेत. 'द न्यूयॉर्कर'. १९२५ साली ते काढलं हॅरॉल्ड रॉसनं. याची शाळा अर्धवट सुटलेली. भांडवल घातलं ते फ्लाइशमननं, म्हणजे पाव फुगवायच्या यीस्टवर गबर झालेल्या घराण्यानं.

या रॉसनं १९२७ साली जेम्स थर्बरला नेमलं ते लेखक म्हणून नव्हे, साहेब म्हणून! हाताखाली माणसं, टेबलावर फायली. बिचाऱ्याला तर लिहायचं होतं. शेवटी त्यानं साहेबी इतकी वाईट केली की रॉसला त्याला लेखक करावंच लागलं. ही हकिगत त्याचीच, तेव्हा थोडं मीठमसाल्याचं मार्जिन सोडा. पण खुर्ची जावी म्हणून झटणारा नोकर मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आता पगार. पुष्कळांच्या बाबतीत तो पगार नसून चक्क उचल असे. आधी पैसे घ्यायचे आणि छापून आलेल्या लेखांतून फेडायचे. आमच्या ऊसतोडणीच्या मुकादमाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. भलेभले लेखक आपल्याच साप्ताहिकाचे कर्जदार होऊन बसले होते.

पण माझं मन अडकलंय ते जोसेफ मिचेलमध्ये. हा १९३८ साली नोकरीला लागला. गोदीवरचे कोळी, गुत्तेवाले, फिरस्ते अशा माणसांवर फार सुरेख लिहायचा. १९४२ साली त्यानं ज्यो गूल्ड नावाच्या एका फाटक्या अवलियावर लेख लिहिला. लोकांच्या तोंडून ऐकलेल्या बोलण्याचा मी प्रचंड इतिहास लिहितोय, नव्वद लाख शब्द झाले, असं हा गूल्ड सांगत असे. पुढे मिचेलच्या ध्यानात आलं, की तो इतिहास बहुतेक नाहीच. वह्यांतून तीच ती दोन-चार प्रकरणं पुन्हा पुन्हा घोटलेली: वडिलांचं मरण, आईचं मरण, आणि (हसू नका) टोमॅटो खाण्याचे दुष्परिणाम.

मिचेल गप्प राहिला. कारण मनातल्या मनात रचलेली आणि कागदावर कधीच न उतरलेली एक कादंबरी त्याच्याही पदरी होती. गूल्ड वारला १९५७ मध्ये. १९६४ साली मिचेलनं हे सगळं लिहून टाकलं, कादंबरीसकट. लेख अप्रतिम. आणि तो शेवटचा.

त्यानंतर १९९६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे एकतीस-बत्तीस वर्षं, हा गृहस्थ कचेरीत येत राहिला. डोक्याला हॅट, सगळं नीटनेटकं. यायचा, खोलीचं दार लावून घ्यायचा, दुपारी जेवायला बाहेर पडायचा, परत यायचा, संध्याकाळी घरी. एक सहकारी सांगतो, आतून टाइपरायटरचा आवाज फारसा येत नसे. लिफ्टमध्ये मात्र कधीतरी एक बारीक सुस्कारा ऐकू यायचा. दरम्यान संपादक बदलले. विल्यम शॉन गेला, गॉटलिब आला, तोही गेला, टीना ब्राउन आली. पगार चालू.

आमच्याकडे असतं तर चौथ्या महिन्यात मेमो निघाला असता आणि कँटीनमध्ये टिंगल सुरू झाली असती. निष्काम कर्मयोग आपण ऐकलाय, पण निष्कर्म काम याला कुठल्या कलमात बसवायचं? मला त्या पगाराचा हेवा वाटतो. त्या बंद दाराआडच्या आठ तासांचा मात्र अजिबात वाटत नाही. न लिहून घरी बसणं सोपं. न लिहायला रोज वेळेवर हजर व्हायचं, म्हणजे छातीच हवी.

२०१३ साली त्याच साप्ताहिकानं मिचेलच्या कागदांत निघालेल्या अपुऱ्या आत्मचरित्राचं एक प्रकरण छापलं. मागच्या लेखानंतर एकोणपन्नास वर्षांनी.