पंक्चर काढणे : स्टेपनीपासून मशरूमपर्यंत

आपल्या मंडळात बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, ताम्रपट यांवर निबंध वाचले जातात. मी या वेळी पंक्चरवर लिहितोय. हसू नका. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या गावाचा इतिहास सांगायचा, तर रस्त्याकाठी हवेचा पंप घेऊन बसलेल्या माणसाला वगळून कसं चालेल? शिवाय मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. इतिहास पुढे हौसेने शिकलो, त्यामुळे तो मला यंत्रांतूनच दिसतो.

सुरुवात शब्दापासून करू. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी ही वस्तू बाजारात आणली. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे आणि मूळ चाक सहजी सुटतही नसे. म्हणून त्यांनी आरे नसलेलं, टायर चढवलेलं एक कडं केलं. ते पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला क्लॅम्पने आवळायचं आणि हळूहळू घर गाठायचं. म्हणजे स्टेपनी ही मुळात दुरुस्ती नव्हेच, वेळ मारून नेण्याची सोय. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याआधी तर हाल विचारू नका. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, पण हे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायला तासन्‌तास लागत, वर चिकटवलेलं सुकायला रात्र. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सायकलसाठी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँने त्या टायरांवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. टायर उघडून आत हात घालता येऊ लागला, आणि खरी दुरुस्ती तिथून सुरू झाली.

माझ्या लहानपणी काकांची फियाट होती. पंक्चर झालं की आम्ही एका म्हाताऱ्या कारागिराकडे जायचो. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. लिव्हरने टायर उचकटायचा, ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडे आले तिथे खूण करायची. मग कानशीने ट्यूब खरवडून कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा, शिकंजात आवळायचा आणि वरून शेक द्यायचा. शेक देणारं यंत्र म्हणजे जुन्या इंजिनाचा पिस्टन! सपाट डोकं ठिगळावर, आणि वरच्या पोकळीत रॉकेल पेटवलेलं. गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेलं व्हल्कनायझिंग आमच्या रस्त्यावर असं चालायचं. उष्णता आणि गंधक यांनी ठिगळ आणि ट्यूब एकजीव होत.

पण चाचांची एक सवय मला फार उशिरा कळली. टायर परत चढवण्याआधी ते आतून पूर्ण गोल हात फिरवायचे. काका घाई करायचे. चाचा म्हणायचे, "साहेब, ट्यूबचं भोक सापडलं, खिळा कुठं सापडलाय अजून?"

अमेरिकेत गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केला. आपल्या गाड्यांत तो बऱ्याच उशिरा रुळला. सोय मोठी झाली. खिळा उपसायचा, सुंभासारखी चिकट वात बाहेरून खुपसायची, पाच मिनिटांत रस्ता धरायचा. टायर उघडायची गरज संपली, आणि आत बघायची पद्धतही तिच्याबरोबर गेली.

त्याची किंमत मला चोर्ला घाटात कळली. टायरच्या खांद्याला खिळा लागला होता. रस्त्यावरच्या एका दुकानात चाक न सोडवताच वात घातली गेली. मी इंजिनिअर, शेजारी उभा राहून बघत होतो. तीन आठवड्यांनी पणजीला जाताना उताराच्या वळणावर हवा गेली. गाडी दरीच्या बाजूला ओढली गेली. मागे आई बसली होती. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. नंतर टायर उघडला तर आत रबराचा काळा भुगा! म्हणजे कितीतरी दिवस तो कमी हवेवर रगडला जात होता आणि आतली बाजू सोलून निघाली होती.

हिशोब साधा आहे. मोटारीचं चाक किलोमीटरला पाचशेहून जास्त वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची बगल आणि खांदा वाकतो. तिथे ठिगळ टिकत नाही. म्हणून भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंत असेल, तरच दुरुस्ती. टायर रिमवरून काढून आतून तपासायचा. भुगा किंवा सोललेल्या दोऱ्या दिसल्या तर टायर बाद. नसतील तर भोक साफ करून, आतला थर घासून, सोल्युशन सुकू देऊन मशरूम बसवायचा. त्याचा देठ भोक भरतो आणि छत्री आतून हवा अडवते. नुसतं ठिगळ लावलं तर बाहेरून पाणी शिरून पोलादी तारा गंजतात, आणि नुसती वात आतून हवा धरेलच याचा भरवसा नसतो. शेवटी साबणाच्या पाण्याने तपासायचं.

वात वाईट नाही. माझ्याही डिकीत ती आहे. पण तिचं काम त्या लानेलीच्या कड्याचं : हळू चालवत दुकान गाठण्यापुरतं.

आमच्या पिढीने पिस्टनचा शेक पाहिला, तो आता जवळजवळ गेला. जाऊ दे, त्याच्या जागी चांगलं साधन आलंय. राहायला हवा होता तो चाचांचा आतून फिरणारा हात. आता मी दुकानात पंक्चर काढायला गेलो की स्टुलावर बसतो आणि सांगतो, "टायर उघडा, मला घाई नाही."