चांदीपुरा : तापाला नाव मिळण्याची गोष्ट

गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेव्हा मुंबईत प्लेग शिरला. पुढे पुण्यात रँडसाहेबाचा जुलूम झाला, चापेकर बंधू फासावर गेले. हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. मात्र तो आजार प्लेग आहे हे आधी ओळखले कोणी, हे फारसे सांगितले जात नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी तापाने फणफणलेला, गाठी आलेला रुग्ण तपासला आणि हा प्लेग आहे असे उघड सांगितले. व्यापाराच्या शहरात हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते. पण निदान खरे ठरले. त्यानंतर डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

प्लेग जगाला ठाऊक होता. तो आपल्या दारात आला आहे, एवढेच ओळखायचे होते. ज्या तापाला नावच नाही, त्याचे काय? याचे उत्तर देणारी हकीकत आपल्याच मुलखातली, नागपूरकडची आहे.

१९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ होती. चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांचे विषाणू शोधण्यासाठी रुग्णांचे रक्त पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात जात होते. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, म्हणून ओळखली जाते. त्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तात वेगळेच काही वाढले. ते चिकुनगुन्याशी जुळेना, डेंग्यूशीही जुळेना. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये या नव्या विषाणूची माहिती प्रसिद्ध केली. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. आकार बंदुकीच्या गोळीसारखा.

काही वर्षांतच औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांमध्येही तो सापडला. वाळूमाशी डासापेक्षा बरीच लहान. ती गुणगुणत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून सहज आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचे ओलसर कोपरे ही तिची घरे. १९८० साली आपल्या मध्य प्रदेशातल्या मेंदूज्वराच्या रुग्णाच्या रक्तातही हा विषाणू मिळाला. नाव होते, वाहक ठाऊक होता, धोक्याची खूणही मिळाली होती. तरीही चांदीपुरा बराच काळ संशोधकांच्या कागदांतच राहिला. खेड्यात एखादे मूल एका रात्रीत गेले, तर डोक्यात गेलेला मलेरिया, जपानी मेंदूज्वर किंवा बाहेरची बाधा अशी कारणे सांगितली जात.

मग २००३ चा पावसाळा आला. आपला बुऱ्हाणपूर जिल्हा खंडव्यापासून वेगळा झाला, तेच हे वर्ष. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. सकाळी खेळणाऱ्या मुलाला ताप भरायचा, उलटी व्हायची, आकडी यायची, शुद्ध हरपायची आणि बऱ्याचदा दोन दिवसांच्या आत सगळे संपायचे. पहिला संशय अर्थातच जपानी मेंदूज्वराचा होता, पण त्याच्या चाचण्या नकारार्थी आल्या.

निदानाची खरी परीक्षा इथे असते. नेहमीची चाचणी नकारार्थी आली की 'कारण अज्ञात' असे लिहून कागद मिटता येतो. वॉर्डातल्या डॉक्टरांनी आणि पुण्याच्या प्रयोगशाळेने तसे केले नाही. एनआयव्हीत रुग्णांचे नमुने पेशींवर वाढवले गेले. त्या पेशी मरू लागल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळीच्या आकाराचे कण दिसले आणि जुनी ओळख पटली. १९६५ च्या विषाणूशी जनुकांची तुलना झाली, तेव्हा दोघांत फारसा फरक निघाला नाही. अडतीस वर्षांपूर्वी कोणीतरी नीट नोंद केली आणि विषाणू जपून ठेवला, म्हणून हे शक्य झाले.

सगळ्यांनी ते लगेच मान्य केले असे नाही. ही लक्षणे मेंदूज्वरापेक्षा मेंदूच्या रक्तवाहिनीवरच्या अचानक आघातासारखी आहेत, असे काही डॉक्टरांचे म्हणणे होते. तो वाद बरेच दिवस चालला. असा वाद आम्हाला वाईट वाटत नाही. दुर्मीळ आजाराचे निदान एका झटक्यात होत नसते. शंका, तपासणी आणि पुन्हा तपासणी याच वाटेने ते पक्के होते.

२००४ मध्ये पूर्व गुजरातेत हा आजार दिसला, पुढे विदर्भातही आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात तर जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांना चांदीपुरा असल्याचे सिद्ध झाले, आणि त्यातले बहुतेक गुजरातचे होते. या वेळी मात्र संशय पहिल्यापासून होता, चाचणी हाताशी होती आणि फवारणी लवकर सुरू झाली.

या आजारावर आजही खास औषध नाही, लसही नाही. मग निदान करून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की ताप उतरवणे, आकडी थांबवणे, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे हे उपचार वेळेवर सुरू झाले, तर मूल वाचू शकते. आणि एका मुलाचे निदान झाले की गावातली इतर मुले सावध करता येतात. भिंतींच्या भेगा लिंपता येतात, गोठा घरापासून दूर नेता येतो, बारीक विणीची मच्छरदाणी लावता येते.

आम्ही धूलकोट परिसरातली माणसे सातपुड्याच्या कुशीत राहतो. मातीची घरे, अंगणातली गुरे, पावसाळ्यातली ओल हे आमचे रोजचे जगणे आहे. मोठे इस्पितळ म्हणजे आधी बुऱ्हाणपूर, मग खंडवा, इंदूर नाहीतर जळगाव. ज्या तापात तासातासाचा हिशेब असतो, त्यात हे अंतर भारी पडते. म्हणून मुलाला तापात आकडी आली, ते बरळू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. अंगारा लावायचा तर लावावा, पण गाडी आधी काढावी. आणि डॉक्टरांना न विचारता सगळे सांगावे : ताप कधी भरला, मूल कुठे झोपते, घर कसे आहे, शेजारी कोणी आजारी आहे का. चांदीपुरा ओळखला गेला तो दोन रुग्णांच्या रक्तातून. ते दोघे कोण होते हे आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांचे रक्त पुण्याला पोहोचले नसते, तर या तापाला नाव मिळायला आणखी किती पावसाळे गेले असते कोणास ठाऊक.

विघ्नहर्त्याच्या चरणी आरोग्य मागताना, विघ्न वेळेवर ओळखण्याची बुद्धीही आपण मागू या.