कुष्ठरोगाची लस आणि जंतूचा चुलतभाऊ

तुमच्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल. ही लस क्षयरोगासाठी असली तरी कुष्ठरोगापासूनही थोडेफार संरक्षण देते. एका जंतूची लस दुसऱ्यावर कशी चालते?

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. मग लस बनवायची कशापासून? १९५८ मध्ये मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू वाढवला. पुढे कळले की हा कुष्ठरोगाचा जंतू नसून त्याचा चुलतभाऊ आहे. तरीही १९७९ च्या सुमारास डॉ. माधव देव यांनी त्याच मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली.

हे शक्य झाले ते आपल्या टी पेशींमुळे. या पेशी अख्खा जंतू पाहत नाहीत. त्याच्या प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, तपासतात. २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून नऊ मण्यांची माळ ओवली, तर ५१,२०० कोटी वेगवेगळ्या माळा होतात. प्रत्येकीसाठी वेगळी पेशी ठेवायला शरीरात जागाच नाही. म्हणून एकच टी पेशी मिळतेजुळते अनेक तुकडे ओळखते. एक टी पेशी दहा लाखांहून जास्त पेप्टाइड ओळखू शकते, असे २०१२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी दाखवले. चुलतभावाला पाहून तयार झालेली पेशी कुष्ठरोगाच्या जंतूलाही हेरते, ती यामुळेच.

तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चाचणी झाली. १९९८ मध्ये निकाल आला: मुंबईच्या लसीने ६५.५ टक्के, तर बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण दिले.

म्हणजे कोणतीच लस पूर्ण कवच नाही. नांदेड असो की लातूर, आशाताई घरी आल्या तर अंगावरचा फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा लपवू नका. सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिन्यांचे औषध मोफत मिळते.

आणखी एक महत्त्वाचे. उपचार चालू असताना चट्टे सुजले, नसा दुखू लागल्या, तर ‘औषध बाधले’ म्हणून गोळ्या थांबवू नका. बहुधा तुमची प्रतिकारशक्तीच जंतूंच्या तुकड्यांवर तुटून पडलेली असते. त्या झटापटीत नस कायमची निकामी होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.