ऐकणे आणि पाहणे

एखाद्या व्यवसायाचा इतिहास कधी कधी त्याच्या नावातच साठलेला असतो. ‘ऑडिटर’ हा इंग्रजी शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जहागिरीचा कारभारी हिशेब वाचून दाखवी आणि धन्याचा माणूस तो ऐकून घेई. आपला ‘लेखापरीक्षक’ मात्र ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या संस्कृत धातूपासून घडला. परीक्षा म्हणजे चहूबाजूंनी पाहणे. सांगितलेले ऐकून घेणे आणि स्वतः जाऊन पाहणे यांतील अंतरातच या व्यवसायाची नीती वसते, असे आम्हांला वाटते.

१८९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे किंग्स्टन कॉटन मिलचा खटला आला. गिरणीच्या व्यवस्थापकाने कापूस व सूत यांचा शिल्लक साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याचा दाखला जसाच्या तसा मान्य केला होता. आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवून विक्री वजा केली असती, तरी विसंगती ध्यानात आली असती. खालच्या न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले. अपिलात निकाल फिरला. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे न्यायमूर्ती लोप्स म्हणाले. हे रूपक पाठ्यपुस्तकांत रुजले. राखणदार चाहूल लागली की भुंकतो. पण चाहूल घेण्यासाठी त्याने जागचे उठावे की नाही, हा प्रश्न रूपकाच्या आड राहिला.

त्याची किंमत १९३८ साली अमेरिकेत कळली. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळजवळ १ कोटी ९० लाख डॉलरची मालमत्ता काल्पनिक निघाली. कॅनडातील गोदामांतला साठा केवळ कागदावर होता. लेखापरीक्षकांनी प्रथेप्रमाणे कागद तपासले होते. गोदामात कोणी गेले नव्हते. १९३९ साली तेथील लेखापालांच्या संस्थेने साठ्याच्या मोजणीस हजर राहणे आणि येणे रकमांची ऋणकोंकडून थेट खातरजमा करणे आवश्यक ठरवले.

पुढे ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी सत्यम कॉम्प्युटर्सच्या ताळेबंदातील रोख व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. या वेळी नियमांची उणीव नव्हती. तरीही बँकशिलकीच्या पडताळणीची पत्रे धाडणे व त्यांची उत्तरे घेणे लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती सोपवले होते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली काढला. विधी उरला होता. पाहणे संपले होते.

नियम पाहण्यास भाग पाडू शकतो. काय दिसले ते मनावर घेण्यास नाही. तेथे माणसाचा विवेकच लागतो. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मूळ संहिता न उघडता इतरांच्या मतांवर शिक्का मारणारे आपल्यातही आहेत. आणि ‘समीक्षा’ हा शब्दही त्याच ‘ईक्ष्’ धातूचा आहे.