पाय मोडला होता, दोन्ही वेळेला

ठाण्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही २६ ऑगस्ट २००१ बद्दल विचारा. त्या संध्याकाळी आपण कुठे होतो हे तो सांगेल. अपघातात पायाला मार लागून आनंद दिघे सिंघानिया रुग्णालयात दाखल होते. शस्त्रक्रिया झाली, मग हृदयविकाराचा झटका आला आणि दिघेसाहेब गेले. बातमी बाहेर आली आणि जमावाने रुग्णालय पेटवून दिलं. आत इतर पेशंट होते! उपचारात कुठे काही चुकलं होतं का, हा प्रश्न त्या धुरातच राहिला. ठाण्याचं एक मोठं हॉस्पिटल मात्र कायमचं बंद झालं.

हॉस्पिटलवरचा राग काढण्याचा आपल्या जिल्ह्यातला हा सगळ्यात मोठा प्रकार. आता एक विसरलेली गोष्ट सांगतो. तीही मोडलेल्या पायाचीच.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. वीस वर्षांच्या मुलाचा समुद्रकिनाऱ्यावर अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं. पायाला लाकडी फळ्या बांधून त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता, माणसं लावून जोर करून हाड बसवलं, असा आरोप झाला. मुलगा धक्क्याने गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दगड उचलला नाही, दावा लावला. खालचं कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. निकाल लागला १९६८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. भरपाई ३,००० रुपये. पण डॉक्टरचं पेशंटप्रति कर्तव्य काय (केस घ्यावी की नाही, कोणते उपचार करावेत, ते कसे करावेत, या तिन्ही बाबतीत काळजी हवी) हे त्या 'जोशी विरुद्ध गोडबोले' निकालात लिहिलं गेलं. आजही वकील तो काढतात.

पंधरा वर्षं कोण थांबणार? म्हणून १९८६ चा ग्राहक कायदा आला तेव्हा पेशंट मंडळी तिकडे वळली. डॉक्टरांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली, आम्ही काय दुकानदार आहोत का म्हणून. १३ नोव्हेंबर १९९५ ला उत्तर मिळालं: पैसे घेऊन उपचार करता, तर ही सेवाच. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं बाहेर राहिली, आणि केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून कुणी ग्राहक ठरत नाही.

ही मेख आपल्याकडे जास्त टोचते. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथे जातो कोण? ज्याच्याकडे पैसे नाहीत तो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याला एका दिवसात १८ पेशंट दगावले, सरकारने चौकशी समिती नेमली. समिती सरकारची, रुग्णालय महापालिकेचं. नातेवाइकाने स्वतः दाद मागायची तर दिवाणी दावा उरतो. तो किती चालतो याचंही उदाहरण आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापड राहिलं, ती गेली. सरकारला त्याची जबाबदारी घ्यायला लावली सुप्रीम कोर्टाने, १९९६ मध्ये. ३६,००० रुपये. तेहतीस वर्षं!

त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने एका प्रकरणात सांगितलं की, पेशंटने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितली तर केसपेपरची प्रत द्यायलाच हवी. पुढे २००२ च्या नियमावलीत मुदत आली, ७२ तास. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. कागद नसेल तर मेडिकल कौन्सिल काय आणि ग्राहक आयोग काय, कुणीच काही करू शकत नाही.

२०१० ला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला. तीन वर्षं कैद, ५०,००० दंड, नुकसानीच्या दुप्पट वसुली. हे बोर्ड सगळीकडे दिसतात, लावायलाच हवेत. पण त्याच कायद्यात, उपचारांतल्या हलगर्जीची तक्रार ऐकून पेशंटला सल्ला द्यायला प्राधिकरण नेमावं, असंही कलम आहे. त्याचा बोर्ड मी अजून एकाही हॉस्पिटलात पाहिलेला नाही. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं, तक्रार कक्षाची जबाबदारी आपल्याकडे महापालिकांवर आली. पुढच्या वेळी बिलाच्या खिडकीपाशी जरा भिंत वाचा.

हे सगळं आज आठवलं ते आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या काकूंमुळे. काका गेले, बिल चुकतं केलं, फाइल मागितली तर काउंटरवर म्हणाले, "डॉक्टर आले की बघू." भाचे चार पोरं घेऊन जायला निघाले होते. काकूंनी त्यांना बसवलं. कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि वेळ टाकून घेतली. सोमवार, दुपारी सव्वाचार.

७२ तास गुरुवारी संपतात. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.