पद्मिनी आणि ई-क्लास

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० मोटार तयार होत असे. १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर आणि स्टिअरिंगलगतची गिअरची दांडी, एवढाच तिचा संसार. चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज-बेंझ ई-क्लास आराम व सुरक्षितता यांत अर्थातच कितीतरी सरस आहे. एअरबॅग, एबीएस यांची पद्मिनीला ओळखही नव्हती.

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी मात्र दुरुस्तीचा प्रश्न निर्णायक ठरतो. प्लग साफ करणे, पॉइंटचे अंतर जुळवणे ही कामे जुना मिस्त्री झाडाखालीही करतो. ई-क्लासमधील बिघाड शोधण्यास संगणक लागतो. पद्मिनीच्या मालकाने २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे रबरी नळ्या व कार्बोरेटर वरचेवर तपासावेत.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील मोटारीस 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. परंतु अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज अमरावतीला ये-जा करणाऱ्याने ती घेऊ नये.